जुना फॉरवर्ड नेमकं करायचा काय? डग्लस क्लार्कची कारकीर्द

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगा सोळा वर्षांचा आहे. सकाळी तालमीत जातो, संध्याकाळी रग्बी खेळतो. प्रशिक्षकांनी त्याला फॉरवर्ड (पुढच्या फळीत झुंजून बॉल मिळवणारा) केलंय आणि तो खट्टू झालाय, कारण ट्राय मारून (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवून) टाळ्या घेणारे सगळे मागच्या फळीतले. रग्बी लीगच्या सुरुवातीच्या काळात एक पैलवान-फॉरवर्ड होऊन गेला असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तो कोण? त्याची कारकीर्द कशी होती? आणि मुलाने आता कुस्ती सोडावी का?"

तो पैलवान म्हणजे डग्लस क्लार्क. इंग्लंडच्या वायव्य टोकाला कंबरलंड नावाचा परगणा होता. तिथल्या मेरीपोर्ट बंदराला लागून असलेल्या एलनबरो गावात १८९१ साली तो जन्मला. घरचा धंदा कोळशाचा, त्यामुळे पोती उचलणं हाच पोरवयातला व्यायाम. ब्रुकलंड रोव्हर्स या गावच्या संघातून तो पुढे आला आणि १९०९ मध्ये, अठराव्या वर्षी, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड क्लबात दाखल झाला. तिथून निघाला तो थेट १९२९ मध्ये. वीस वर्षं, एकच क्लब, ४८५ सामने. क्लबकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा मान आजही त्याच्याच नावावर आहे. या वीस वर्षांतली साडेतीन-चार वर्षं महायुद्धाने खाल्ली, हे लक्षात घेऊन तो आकडा पुन्हा वाचा.

मी स्वतः तालमीतून रग्बीत आलो. गुडघा गेल्यावर शिकवायला लागलो आणि आता पंचवीसेक वर्षं पोरांना स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांदे भिडवून बॉलसाठी ढकलाढकली करतात तिथे, मान कशी ठेवायची ते सांगतोय. क्लार्ककडे मी त्याच नजरेने बघतो. इतिहासकार त्याच्याबद्दल बोलताना शौर्यावर जोर देतात. मला त्याच्या कामात जास्त रस आहे.

आधी तुमच्या मुलाचा एक गैरसमज काढतो, कारण आपल्याकडे तो सगळ्यांचाच असतो. आपण इथे जी रग्बी बघतो ती रग्बी युनियन, आणि तीही बहुतेक वेळा सात-सात जणांची. रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डमधल्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांची बैठक झाली आणि ते मूळ संघटनेतून फुटून निघाले. भांडण पैशाचं होतं, पण फार मोठ्या पैशाचं नव्हतं. उत्तरेतले खेळाडू खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारे. शनिवारी सामना खेळायला दूर जायचं म्हणजे रोज बुडायचा. बुडालेल्या रोजाची भरपाई द्या, एवढीच मागणी होती. लंडनच्या बाजूच्या सधन मंडळींना तेही मान्य नव्हतं. खेळ हौसेखातर खेळावा, हा त्यांचा बाणा. ज्याला शनिवारच्या रोजाची फिकीर नाही त्याला हा बाणा परवडतो. नव्या नॉर्दर्न युनियनने दिवसाला सहा शिलिंगची भरपाई मंजूर केली. रग्बी लीग हे नाव बरंच नंतर, १९२२ मध्ये आलं.

१८९८ मध्ये उघडपणे पैसे देऊन खेळवायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: खेळाडूकडे बाहेर प्रामाणिक नोकरी हवी. नुसतं खेळून खाणारा माणूस त्यांना नको होता. ती अट १९०५ पर्यंत टिकली. क्लार्क आला तेव्हा ती गेलेली होती, तरी आठवडाभर काम आणि शनिवारी सामना हा क्रम तोच होता. म्हणून त्या पिढीच्या फॉरवर्डविषयी बोलताना आजच्या व्यावसायिक खेळाडूची कल्पना बाजूला ठेवावी लागते. जिम नाही, फिजिओ नाही, खुराकाचा तक्ता नाही. कोळसा, खाण आणि गोदी हाच त्याचा आखाडा.

आता फॉरवर्डचं काम. मुलाला नीट समजावं म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सुरुवातीला नॉर्दर्न युनियनमध्येही पंधरा खेळाडू असत. सामने रटाळ व्हायचे. फॉरवर्ड मंडळींचा ढीग पडायचा आणि बॉल त्याखाली गडप. उत्तरेतल्या क्लबांना तिकिटावर घर चालवायचं होतं, त्यामुळे प्रेक्षक कंटाळला तर पोटावर पाय. १८९७ मध्ये त्यांनी लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल फॉरवर्डच्या दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणं) काढून टाकला आणि किक मारून केलेले सगळे गोल दोन-दोन गुणांचे केले. १९०६ मध्ये मोठा बदल झाला. खेळाडू तेरा केले आणि दोन फॉरवर्ड कमी झाले. आठ जणांचं काम सहा जणांवर आलं: पुढे तीन, मधे दोन, मागे एक.

त्याच वर्षी 'प्ले-द-बॉल' आला. बॉलवाल्याला पकडून पाडलं की ढीग करायचा नाही. त्याला उठू द्यायचं, त्याने बॉल जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. कबड्डीत पकड झाली की डाव संपतो, इथे पकड झाली की पुढचा डाव सुरू होतो. समोर उभा असलेला विरोधकही त्या बॉलवर पाय मारू शकायचा, त्यामुळे प्रत्येक प्ले-द-बॉल ही दोघांची छोटी झुंजच. त्यातच टॅकलच्या, म्हणजे बॉलवाल्याला अशा पकडून पाडण्याच्या, संख्येवर मर्यादा नव्हती. आज सहा टॅकल झाले की बॉल सोडावा लागतो. तो हिशेब १९६६ मध्ये चार टॅकलपासून सुरू झाला. क्लार्कच्या काळात बॉल हातात आहे तोवर तुमचाच. उचला, धडका, पडा, उठा, सरकवा, पुन्हा उचला. वीस वेळा, तीस वेळा. हे सगळं फॉरवर्डनेच करायचं.

बदली खेळाडू नव्हताच. जखमी माणूस बाहेर गेला की उरलेल्यांनी निभवायचं. हा नियम डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आणि स्क्रम. आजच्या रग्बी लीगमध्ये स्क्रम नावापुरता उरलाय. तेव्हा तो सामन्याचा कणा होता. बॉल मिळवायचा एक मोठा मार्ग तोच, आणि एकदा मिळाला की टॅकलची मर्यादा नाही. म्हणजे सहा फॉरवर्डनी स्क्रम जिंकले तर समोरच्या संघाला बॉल बघायलाही मिळत नसे. मागच्या फळीतल्या धावपटूंचे विक्रम आपण आज वाचतो, पण ते स्क्रमच्या चिखलात मिळवलेल्या बॉलवर उभे आहेत. हडर्सफील्डचा विंगर (मैदानाच्या कडेने पळणारा) आल्बर्ट रोझेनफेल्ड याने १९१३-१४ च्या एका हंगामात ८० ट्राय मारले. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. माणूस विलक्षण होता, वाद नाही. पण ८० वेळा मोकळ्या जागेत बॉल हातात यायला आधी कुणीतरी तो काढून द्यावा लागतो.

हे फक्त हडर्सफील्डचं नाही. एका हंगामात त्या काळचे चारही करंडक (चॅलेंज कप, चॅम्पियनशिप, परगण्याचा कप आणि परगण्याची लीग) जिंकणारे इतिहासात तीनच संघ झाले: १९०७-०८ मध्ये हन्स्लेट, १९१४-१५ मध्ये हडर्सफील्ड आणि १९२७-२८ मध्ये स्विंटन. यातल्या पहिल्या, हन्स्लेटच्या सहा फॉरवर्डना लोक 'टेरिबल सिक्स' म्हणायचे. फॉरवर्डच्या अख्ख्या फळीला टोपणनाव मिळावं, यावरून तेव्हाच्या प्रेक्षकाला खेळ कळत होता एवढं तरी दिसतं.

हडर्सफील्डचा तो संघ 'टीम ऑफ ऑल टॅलेंट्स' म्हणून ओळखला जातो. कर्णधार हॅरल्ड वॅगस्टाफ हा सेंटर, म्हणजे मागच्या फळीत मधे खेळणारा. त्याच्या डोक्याची आणि हातांची तारीफ आजही होते. फॉरवर्डमध्ये क्लार्क, फ्रेड लाँगस्टाफ आणि वेल्सहून आलेला बेन ग्रोनाउ. हा ग्रोनाउ आधी रग्बी युनियनचा. १९१० मध्ये ट्विकनमला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा पहिली किक मारली ती त्याने. युनियनच्या पंढरीत श्रीगणेशा केला आणि मग पोटासाठी उत्तरेची वाट धरली. अशी माणसं तेव्हा पुष्कळ होती, आणि युनियनवाले त्यांना कायमचे वाळीत टाकत.

१९१४-१५ च्या हंगामाचे आकडे एकदा बघा. यॉर्कशायर कपच्या अंतिम सामन्यात हल संघावर ३१-०. चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात लीड्सवर ३५-२. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सवर ३७-३. या शेवटच्या सामन्याआधी बोनसवरून सेंट हेलन्सचे खेळाडू रुसून बसले होते. त्यांच्या कर्णधाराने कशीबशी समजूत काढून त्यांना मैदानात आणलं, त्यामुळे ३७ गुणांचा फार अभिमान बाळगू नये. मी बघतो ते दुसऱ्या बाजूचे आकडे: शून्य, दोन, तीन. तीन अंतिम सामन्यांत मिळून समोरच्यांना पाच गुण. हे फॉरवर्डचं काम आहे. वर्तमानपत्रात नाव मागच्या फळीचं छापून येतं, पण समोरचे आपल्या ट्रायलाइनपर्यंत पोचलेच नाहीत याचं श्रेय बहुतांशी पुढच्यांचं असतं. मुलाला हे तीन आकडे वहीत लिहून ठेवायला सांगा.

आता कुस्ती. कंबरलंड आणि शेजारच्या वेस्टमरलंड भागाची स्वतःची कुस्ती आहे, आणि ती आपल्या मातीतल्या कुस्तीपेक्षा फार वेगळी. पैलवान छातीला छाती भिडवून उभे राहतात. प्रत्येकाची हनुवटी दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावर, दोन्ही हात समोरच्याच्या पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत गुंतवलेली. हीच सलामी आणि हीच पकड. पकड सुटली की हार. आपल्यासारखी खडाखडी नाही, पटात घुसणं नाही, खाली बसून घिस्सा नाही. आणि चितपटही नाही! पायांखेरीज अंगाचा कुठलाही भाग आधी जमिनीला लागला की संपलं. दोघेही पडले तर ज्याचं अंग आधी टेकलं तो हरला. तीनपैकी दोन कुस्त्या जिंकायच्या. पोशाखही गमतीदार: अंगाला चिकटणारा पांढरा बनियन, पांढरी लांब विजार आणि वर नक्षीकाम केलेली मखमली चड्डी. आमच्या वस्तादांना मी एकदा फोटो दाखवला. ते म्हणाले, "नवरदेव आहे की पैलवान?"

हसा, पण डाव बघा. त्यांचा 'क्रॉस बटक' म्हणजे कंबर आडवी घालून समोरच्याला तिच्यावरून फेकणं. आपल्या टांगेची आठवण होते. 'हाइप' म्हणजे उचलून, त्याच्या मांडीला आतून आपल्या मांडीचा दणका देत वळवून आपटणं. उचलायला जोर लागतोच, पण खरी कसोटी उचलताना स्वतःचे पाय न सुटण्याची. आता हे सगळं रग्बीत आणून ठेवा. बोटं गुंतवून सोडायची नाहीत, म्हणजे टॅकलची पकड. छातीला छाती लावून समोरच्याचा तोल अंगाने वाचायचा, म्हणजे स्क्रम आणि धडक. पाय सुटू द्यायचे नाहीत, म्हणजे बॉल घेऊन घुसताना दोन माणसं अंगावर असतानाही आणखी दोन पावलं. क्लार्क ज्या मुलखात वाढला तिथे पोरं हे जत्रेत शिकतात. तो त्या कुस्तीत वजनदार गटाचा नामांकित विजेता झाला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रासमियरच्या खेळांमध्ये गाजला, आणि हे रग्बी खेळत असतानाच. रग्बीचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल, कुस्तीची मैदानं उन्हाळ्यात. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

जाता जाता: १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पैलवान लंडनमध्ये झ्बिश्कोशी लढत होता. तेव्हा क्लार्क एकोणीस वर्षांचा, हडर्सफील्डच्या चिखलात. या दोघांची जोड लावायला मिळाली असती तर कोणत्या नियमाने लावायची यावरच दोन दिवस भांडण झालं असतं.

क्लार्कचं नाव निघालं की लोक ज्या सामन्यावर येतात, तो ४ जुलै १९१४ चा. ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. पहिली कसोटी २७ जूनला २३-५ अशी जिंकली, दुसरी दोनच दिवसांनी, २९ जूनला, ७-१२ अशी हरली. तिसरी पुढे ढकलायची बोलणी होती, कारण निम्मा संघ लंगडत होता. पण ती ४ जुलैलाच खेळवायचं ठरलं आणि मायदेशातून तार आली: इंग्लंडची प्रत्येकाकडून कर्तव्याची अपेक्षा आहे. आठ दिवसांत तीन कसोट्या. असं वेळापत्रक ठरवणारे लोक स्वतः कधी स्क्रममध्ये उतरलेले नसतात, हे माझं जुनं मत आहे.

सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सामना सुरू झाला आणि माणसं एकेक करून गळायला लागली. फ्रँक विल्यम्सचा पाय मुरगळला. क्लार्कचा अंगठा मोडला. बांधून तो खेळत राहिला. मध्यंतराला ब्रिटन ९-० ने पुढे. उत्तरार्धात क्लार्क खांद्यावर आपटला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. त्याने खांदा बांधून घेतला आणि परत आला. जमेना. पुन्हा प्रयत्न केला. शेवटी रडत बाहेर गेला. बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर गेला होता, विल्यम्सही गेला. तेराविरुद्ध दहा. आणि अशा अवस्थेत चिक जॉन्सन नावाच्या फॉरवर्डने, ज्याला माणसं कमी म्हणून विंगवर उभं केलं होतं, बॉल हातात न घेता फुटबॉलसारखा पायाने लोटत नेला आणि ट्राय मारला. ऑस्ट्रेलियाचे दोन ट्राय उशिरा आले. निकाल १४-६. वर्तमानपत्रांनी या सामन्याला 'रोर्क्स ड्रिफ्ट'ची कसोटी म्हटलं. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मूठभर ब्रिटिश शिपायांनी झुलूंच्या मोठ्या सैन्यासमोर जी चौकी लढवली, तिच्यावरून.

ही गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो, आणि तिथेच मला प्रशिक्षक म्हणून अडायला होतं. सुरुवातीच्या काळात मी हीच गोष्ट पोरांना सामन्याआधी सांगायचो, आवाज चढवून. एका स्पर्धेत आमच्या एका मुलाचं बोट वाकडं झालं होतं. तो म्हणाला, सर, क्लार्कसारखं बांधून द्या. मी दिलं बांधून! ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. तो मुलगा आता चांगल्या नोकरीत आहे, भेटला की हसून तेच बोट दाखवतो, आणि मी खाली बघतो. त्यानंतर मी ती गोष्ट सामन्याआधी सांगणं बंद केलं. क्लार्क परत आला कारण नियमात बदली नव्हता. तो बाहेर बसला असता तर त्याचा बोजा बाराजणांवर पडत होता. आज बाकावर माणसं बसलेली असतात. मोडलेलं हाड घेऊन खेळणं तेव्हा नाइलाज होता, आता तो निव्वळ आडमुठेपणा ठरेल.

या कसोटीनंतर महिनाभरातच महायुद्ध पेटलं. नॉर्दर्न युनियनने १९१४-१५ चा हंगाम पुरा केला, तोच चार करंडकांचा हंगाम. म्हणजे गळपट्टीचं हाड मोडून घेऊन परतलेला क्लार्क त्याच हिवाळ्यात पुन्हा पॅकमध्ये, म्हणजे फॉरवर्डच्या फळीत, होता. त्यानंतर नियमित स्पर्धा थांबल्या. हडर्सफील्डचे बरेच जण आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, मोटार वाहतुकीत गेले. लंडनजवळ ग्रोव्ह पार्कच्या छावणीत क्लार्क, वॅगस्टाफ, रोझेनफेल्ड, ग्रोनाउ एकत्र आले आणि तिथल्या लष्करी संघातून चक्क रग्बी युनियन खेळले, नि जवळजवळ सगळ्यांना धूळ चारली. ज्यांना वीस वर्षं शिवायचं नाही म्हणून ठरवलं होतं, त्यांच्याबरोबर गणवेशात खेळायला कुणाची हरकत नव्हती.

मग क्लार्क पश्चिम आघाडीवर गेला. बेल्जियममधल्या इप्रच्या परिसरात, पासेंडेलच्या लढाईच्या काळात, तो तोफगोळ्यांनी भरलेली लॉरी चालवत असे. वर तोफांचा मारा, खाली चिखल, गाडीत दारूगोळा. त्याच्या रोजनिशीतल्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. तो जखमी झाला, विषारी वायूच्या तडाख्यात सापडला, शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळालं आणि सैन्यातून अपंगत्वाचा दाखला घेऊन घरी आला. त्याच्यासोबत पॅकमध्ये खांदा लावणारा लाँगस्टाफ आला नाही; १९१६ मध्येच मारला गेला. १९१४ च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरचे आणखी दोन फॉरवर्ड, लीड्सचा बिली जार्मन आणि रॉचडेलचा वॉल्टर रोमन, तेही १९१६ मध्येच गेले. तिघेही फॉरवर्ड. योगायोग असेल, पण तीन नावं एकाखाली एक लिहिली की हात थबकतो.

मला विचाराल तर क्लार्कच्या कारकिर्दीचा खरा कळस सिडनी नाही. तो १९१९-२० चा हंगाम. गॅसने छाती भाजलेला, सरकारी कागदावर अपंग ठरलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस पुन्हा ऐंशी मिनिटं स्क्रममध्ये. स्क्रममध्ये दमसास किती लागतो ते आत डोकं घातलेल्यालाच कळतं: वरून दाब, खाली मान, श्वास घ्यायला जागा नाही, आणि पंच शिट्टी मारेपर्यंत सुटका नाही. त्या हंगामात हडर्सफील्डने यॉर्कशायर कप जिंकला, यॉर्कशायर लीग जिंकली, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात विगनला २१-१० असं हरवलं. चौथा करंडक, चॅम्पियनशिप, तेवढा बाकी होता. अंतिम सामना हलविरुद्ध. पण तोवर क्लार्क, वॅगस्टाफ, ग्रोनाउ, जॉनी रॉजर्स आणि ग्विन थॉमस हे पाच जण ब्रिटिश संघाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसलेले होते. उरलेल्या संघाने हलला झुंजवलं आणि ३-२ असा सामना गमावला. एका ट्रायने. पाच जण असते तर चारही करंडक दुसऱ्यांदा आले असते, असं हडर्सफील्डचे जुने लोक छातीठोक सांगत. मला पटतं.

तो १९२० चा दौरा फारसा यशस्वी झाला नाही. ऑस्ट्रेलियाने पहिल्या दोन कसोट्या जिंकून मालिका घेतली, ब्रिटनला तिसरीवर समाधान मानावं लागलं. क्लार्क त्यानंतरही नऊ वर्षं हडर्सफील्डकडून खेळला. संघ म्हातारा झाला, जुने सोबती एकेक करून गेले, करंडक दुर्मीळ झाले. या काळाविषयी फार लिहिलं जात नाही आणि मीही लिहीत नाही, फक्त एवढं सांगतो की ४८५ मधले बरेच सामने याच उताराच्या वर्षांतले आहेत. तिशी ओलांडलेला फॉरवर्ड दर शनिवारी उतरतो तेव्हा रविवारी सकाळी त्याला जिना कसा उतरावा लागतो, हे मला ठाऊक आहे.

रग्बी सोडल्यावर लोक घरी बसतात. हा चाळिशीत कुस्तीच्या रिंगणात उतरला, आणि या वेळी गावच्या जत्रेतल्या नव्हे. १९३० नंतर ब्रिटनमध्ये 'ऑल-इन' कुस्तीचं पेव फुटलं होतं: दोरखंडांचं रिंगण, जवळजवळ सगळे डाव चालतात, तिकीट लावून गर्दी. क्लार्क त्यात मोठं नाव झाला आणि जागतिक विजेता म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्या काळच्या अशा किताबांवर मी फार भर देत नाही. रिंगण भरवणाऱ्यांना पोस्टरवर विजेता हवा असायचा. पण चाळिशी पार केलेला, गॅस लागलेल्या छातीचा माणूस तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर तासभर झुंजत होता, ते खोटं नव्हे. १९५१ मध्ये, साठी गाठायच्या आत, तो वारला. ब्रिटिश रग्बी लीगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव २००५ मध्ये आलं. वॅगस्टाफ आणि रोझेनफेल्ड यांची नावं १९८८ मध्येच, पहिल्या यादीत लागली होती. मागच्यांना आधी पान, पुढच्यांना सतरा वर्षांनी. तुमच्या मुलाचा खट्टूपणा अगदीच बिनबुडाचा नाही, हे मान्य करतो.

तरी एक अपवाद सांगतो, म्हणजे फॉरवर्डला ट्राय नशिबातच नसतो असं त्याला वाटू नये. सिडनीच्या ग्लीब क्लबचा फ्रँक बर्ज, क्लार्कच्याच पिढीतला फॉरवर्ड, सोळाव्या वर्षी पहिल्या दर्जाचं खेळायला लागला. १९२० मध्ये युनिव्हर्सिटी संघाविरुद्ध त्याने एका सामन्यात आठ ट्राय मारले, आणि १९२१-२२ च्या ब्रिटन दौऱ्यावर ३३. तो फॉरवर्ड असून विंगरसारखा पळायचा. पण बर्जसारखा माणूस घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो. क्लार्क मात्र बऱ्याच अंशी घडवता येतो, आणि माझ्यासारख्याचं पोट त्यावरच चालतं.

राहिला शेवटचा प्रश्न. कुस्ती सोडू देऊ नका. सोळाव्या वर्षी मानेला, पाठीला आणि पकडीला तालमीतून जे मिळतं ते जिममधल्या लोखंडातून मिळत नाही. फक्त दोन्ही एकाच दिवशी नको. आठवड्यात तीन दिवस माती, दोन दिवस बॉल, एक दिवस नुसतं पळणं, एक दिवस काहीच नाही. तालमीत वस्तादांना सांगून पुठ्ठी आणि टांग या डावांवर जास्त वेळ द्यावा. समोरच्याला उचलताना स्वतःचे पाय कुठे आहेत हे बघायला शिकला की टॅकल आपोआप सुधारेल. स्क्रममध्ये डोकं खाली घालायची सवय असेल तर आधी ती मोडा. हनुवटी वर, पाठ सपाट, नजर समोर. आणि खांदा किंवा गळपट्टीजवळ जरा जरी दुखत असेल, तर एक्स-रे काढेपर्यंत माती बंद आणि बॉलही बंद. मुलगा तुम्हाला क्लार्कचं नाव सांगेल. त्याला म्हणावं, क्लार्कच्या मागे बाकावर कुणी बसलेलं नव्हतं.